व्होर्टिगर्नचं नेमकं काय चुकलं?

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे एक मीटिंग झाली. प्रोजेक्ट आपटला की ही मीटिंग होतेच. नाव मोठं भारदस्त असतं, "मूळ कारणाचा शोध". प्रत्यक्षात तासाभरात असं ठरतं की जे काही वाटोळं झालं ते सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका माणसामुळे झालं. तो समोर नसतो, त्यामुळे त्याला काही विचारता येत नाही, आणि बाकीचे सगळे निश्चिंत मनाने घरी जातात. या वेळी अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी त्या माणसाचं नाव दुसऱ्याच ओळीत टाकलं. खरं सांगायचं तर त्याने तो निर्णय घेतला तेव्हा मीही त्याच खोलीत बसलो होतो आणि मान डोलावली होती.

शनिवारी सकाळी हे काही डोक्यातून जाईना. आणि मग आठवला तो दीड हजार वर्षांपूर्वीचा एक राजा, ज्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं राहून गेलं होतं.

त्याचं नाव व्होर्टिगर्न. वेल्श भाषेत ग्वर्थेइर्न. आर्थर राजा आपल्याला सिनेमांमुळे माहीत असतो. गोल टेबल, तलवार, मर्लिन जादूगार वगैरे. पण मर्लिन या सगळ्या कहाणीत पहिल्यांदा शिरतो तो व्होर्टिगर्नच्या दारातून. फरक इतकाच की आर्थर हिरो आहे आणि हा व्हिलन. मध्ययुगीन वेल्श परंपरेत गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी तीन-तीनच्या याद्या केलेल्या आहेत. त्यातली एक यादी आहे ब्रिटन बेटावरच्या तीन कलंकित पुरुषांची. त्यात हा दुसरा.

त्याचा गुन्हा काय? तर त्याने सॅक्सन लोकांना ब्रिटनमध्ये बोलावलं. सॅक्सन म्हणजे आजच्या इंग्रजांचे पूर्वज. आज ज्याला इंग्लंड म्हणतात तिथे तेव्हा ब्रिटन लोक राहत होते आणि ते ज्या भाषा बोलत त्यांचीच एक लेक म्हणजे आजची वेल्श. पुढच्या दोनेकशे वर्षांत पूर्वेकडची सुपीक जमीन त्यांच्या हातून गेली आणि त्यांची भाषा पश्चिमेच्या डोंगराळ भागात उरली. म्हणजे वेल्श माणसाच्या दृष्टीने व्होर्टिगर्न हा साधा वाईट राजा नाही. अख्खं इंग्लंड घालवणारा माणूस आहे तो.

आता एका माणसाने अख्खा देश घालवला, हे ऐकायला बरं वाटतं. पण जरा लॉग उघडून बघू या. :)

पाचव्या शतकाच्या सुरुवातीची परिस्थिती अशी. ब्रिटन हा रोमन साम्राज्याचा प्रांत, पण रोमची पकड सुटत चाललेली. इ.स. 383 मध्ये मॅग्नस मॅक्सिमस नावाच्या सेनापतीला ब्रिटनमधल्या फौजेने सम्राट म्हणून जाहीर केलं आणि तो सैन्य घेऊन समुद्रापार गेला. 407 मध्ये तिसऱ्या कॉन्स्टंटाईनने पुन्हा तेच केलं. 410 च्या आसपास रोमन सत्ता इथून संपल्यात जमा होती. उत्तरेकडून पिक्ट लोकांचे हल्ले, पश्चिमेकडून आयरिश लोकांचे. आणि तिजोरीतला पैसा, फौज, कारकून, सगळं ज्या व्यवस्थेतून येत होतं ती व्यवस्थाच बंद पडलेली. अशा वेळी गादीवर बसलेल्या माणसाने काय करायचं?

त्याने तेच केलं जे रोमन लोक वर्षानुवर्षं करत होते. एका टोळीशी लढायला दुसरी टोळी भाड्याने घ्यायची, तिला राहायला जागा आणि ठराविक धान्य द्यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर कंत्राटी सैन्य. साम्राज्याच्या सगळ्या सीमांवर हा प्रकार चालू होता. म्हणजे व्होर्टिगर्नने काही भलतंच डोकं लढवलं नव्हतं, तेव्हाची मान्य पद्धतच वापरली होती.

या घटनेबद्दल सविस्तर सांगणारा सगळ्यात जुना लेखक म्हणजे गिल्डस. हा स्वतः ब्रिटन, धर्मपुरुष, आणि त्याने बहुधा सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलं. म्हणजे तोही प्रत्यक्ष साक्षीदार नाही. त्याचा ग्रंथ इतिहासापेक्षा कीर्तनासारखा जास्त आहे, आपल्याच लोकांना पापाबद्दल झापणारा. तो सांगतो की एका गर्विष्ठ जुलमी राजाने आणि त्याच्या सगळ्या सल्लागारांनी मिळून, डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं, सॅक्सनांना बोलावलं. तीन जहाजं आली, मग आणखी आली. त्यांना शिधा ठरवून दिला. काही काळ सगळं सुरळीत चाललं. मग ते म्हणायला लागले की शिधा पुरत नाही, वाढवून द्या, नाहीतर करार मोडू. आणि त्यांनी तो मोडला.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे शिध्यासाठी गिल्डसने वापरलेले लॅटिन शब्द हे रोमन काळातल्या सरकारी कराराचेच शब्द आहेत. म्हणजे त्याच्या रागाच्या खाली एका खऱ्या व्यवहाराची आठवण असावी. दुसरी म्हणजे "सगळ्या सल्लागारांसह". गिल्डसच्या लेखी हा एका माणसाचा निर्णय नाहीच. खोलीत बसलेल्या सगळ्यांचा आहे.

गंमत म्हणजे या "गर्विष्ठ जुलमी राजा"चं नाव काय हे गिल्डसच्या मूळ मजकुरात नसावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाव घेऊन त्याला पक्कं चिकटवतो तो बीड हा इंग्रज पाद्री, त्याच्या इ.स. 731 मध्ये पुऱ्या झालेल्या ग्रंथात. हेंगिस्ट आणि होर्सा ही सॅक्सन भावांची जोडी आणि 449 च्या सुमाराचा काळही तिथेच भेटतो. व्होर्टिगर्न या नावाची फोड केली तर "वोर" म्हणजे वरचा आणि "टिगर्नोस" म्हणजे धनी, राजा. आपण सरळ "अधिराज" म्हणू शकतो. त्यामुळे हे माणसाचं नाव की नुसतं पद, यावरच अभ्यासकांची भांडणं झालेली आहेत. गिल्डसने लॅटिनमध्ये "गर्विष्ठ" म्हणून वापरलेल्या शब्दातही "वरचा" हा अर्थ दडलेला आहे, म्हणजे तो नावावर कोटी करत होता अशीही शक्यता आहे.

यानंतर शंभर वर्षांनी, इ.स. 829-830 मध्ये, उत्तर वेल्समधल्या ग्विनेद राज्यात "ब्रिटनांचा इतिहास" या अर्थाच्या नावाचा एक लॅटिन ग्रंथ तयार झाला. पुढच्या काळात तो नेन्नियस या नावावर चढला. ग्रंथाचा बाज आपल्या बखरीसारखा. आणि इथे आपल्या माणसाची फाईल एकदम जाड होते.

आता सॅक्सनांना नुसता शिधा मिळत नाही. हेंगिस्ट आपल्या सुंदर मुलीच्या हातून राजाला भरपूर दारू पाजतो, राजा तिच्यावर भाळतो आणि तिच्या बदल्यात केंटचा प्रदेश देऊन टाकतो. केंटच्या राजाला याचा पत्ताच नाही! मग तह करायच्या नावाखाली मेजवानी होते, सॅक्सन लोक बुटात सुरे लपवून येतात आणि इशारा मिळताच ब्रिटनांच्या 300 सरदारांना कापून काढतात. जिवंत ठेवतात फक्त व्होर्टिगर्नला, आणि सुटकेच्या बदल्यात आणखी प्रदेश उकळतात. शिवाय त्याने स्वतःच्या मुलीशी संबंध ठेवले असाही आरोप आहे, आणि त्यासाठी संत जर्मेनस त्याला शाप देतो.

मग तो पळत पळत एरिरीच्या डोंगरात येतो (इंग्रजीत स्नोडोनिया) आणि किल्ला बांधायला घेतो. दिवसा जमवलेलं सामान रात्रीतून गायब. मांत्रिक सांगतात की बिनबापाच्या मुलाचं रक्त शिंपडा. मुलगा सापडतो, पण तो मांत्रिकांनाच गप्प करतो. म्हणतो, जमिनीखाली तळं आहे, तळ्यात दोन सर्प आहेत, एक लाल, एक पांढरा. लाल म्हणजे आपण, पांढरा म्हणजे सॅक्सन. आत्ता पांढरा वरचढ आहे, पण शेवटी लाल त्याला हाकलून देईल. वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन या गोष्टीशी जोडला जातो. म्हणजे राष्ट्राच्या खुणेची गोष्टसुद्धा घडते ती याच कलंकित राजाच्या न टिकलेल्या पायावर. ती टेकडी म्हणून दाखवतात ते दिनास एम्रिस, बेथगेलर्ट गावाजवळ. तिथे 1954 ते 1956 या काळात उत्खनन झालं तेव्हा जुनी वस्ती सापडली आणि पाण्याचं टाकंही. ड्रॅगन मात्र नाहीत. :)

मला सगळ्यात आवडतो तो या फाईलचा शेवट. व्होर्टिगर्न मेला कसा? बखरकार तीन उत्तरं देतो. एक, आकाशातून आग पडली आणि तो किल्ल्यासकट जळाला. दोन, सगळ्यांनी झिडकारल्यामुळे तो एकटा भटकत राहिला आणि झुरून मेला. तीन, धरणीने पोटात घेतलं. तिन्ही शेजारी शेजारी, तुम्हाला पाहिजे ती घ्या. ज्या माणसाबद्दल खरोखर माहिती असते त्याला तीन मरणं लागत नाहीत.

इथवर आलो की वाटतं, ठीक आहे, व्हिलन तर व्हिलन. पण त्याच शतकात, त्याच वेल्समध्ये, दुसरी एक नोंद आहे आणि ती दगडावर आहे.

ईशान्य वेल्समध्ये लांगोथ्लेन गावाजवळ एका टेकाडावर एक मोडका खांब उभा आहे. त्याला एलिसेगचा खांब म्हणतात. तो मुळात क्रूस होता. उभारला तो पाविसचा राजा कंगेन याने, आपला पणजोबा एलिसेग याच्या स्मरणार्थ, ज्याने पाविसची जमीन इंग्रजांकडून परत जिंकली होती. कंगेन 854 च्या सुमारास रोममध्ये वारला, म्हणजे खांब त्याच्या आधीचा. सतराव्या शतकातल्या यादवीत तो पाडला गेला असं सांगतात. वरची अक्षरं आज वाचता येत नाहीत. पण 1696 मध्ये एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने जेवढं दिसत होतं तेवढं उतरवून घेतलं. आज आपल्या हातात आहे तो हा बॅकअप. त्या माणसाला साष्टांग नमस्कार.

त्या मजकुरात पाविसच्या राजघराण्याची मुळं सांगताना एक नाव येतं: ब्रिटू, ग्वार्थिगर्नचा मुलगा. हा ग्वार्थिगर्न म्हणजेच आपला व्होर्टिगर्न. पुढे म्हटलंय की ब्रिटूला जर्मेनसने आशीर्वाद दिला, आणि त्याची आई सेविरा, म्हणजे रोमनांच्या राजाला मारणाऱ्या मॅक्सिमसची मुलगी. ज्याने 383 मध्ये सम्राटपद बळकावलं तोच हा मॅक्सिमस.

बघा काय झालं ते. ग्विनेदच्या बखरीत हा माणूस शापित, पाविसच्या दगडावर हाच माणूस राजघराण्याचा मूळपुरुष आणि रोमन सम्राटाचा जावई. संतही तोच. तिथे जर्मेनस शाप देतो, इथे त्याच्याच मुलाला आशीर्वाद. आणि बखरीत पाविसच्या राजांचं मूळ काय सांगितलंय? तर कादेल नावाचा एक साधा नोकर, ज्याला जर्मेनसच्या कृपेने राज्य मिळालं. म्हणजे शेजाऱ्याच्या घराण्याबद्दल सांगताना बखरकाराने त्यांच्या खानदानी पूर्वजाला कलंकित केलं आणि त्यांना नोकराचे वंशज ठरवलं. दोन शेजारी राज्यं, आणि भांडण चारशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसाच्या नावावर.

यात दगड खरा आणि बखर खोटी, असं मला म्हणायचं नाही. कंगेनलाही आपलं घराणं मोठं दाखवायचं होतंच. तारखा तपासल्या तर दोन्हीकडे गोंधळ. मॅक्सिमस मेला 388 मध्ये. सॅक्सन आले बीडच्या हिशोबाने 449 च्या सुमारास. म्हणजे तेव्हा सेविरा निदान साठीची, आणि याच सुमारास नवरोबा हेंगिस्टच्या मुलीवर भाळणार! बखरीतल्याच दुसऱ्या हिशोबाप्रमाणे व्होर्टिगर्न 425 मध्ये गादीवर आला आणि सॅक्सन 428 मध्ये उतरले. तिकडे गॉलमधल्या एका इतिवृत्तात 441 च्या सुमारालाच ब्रिटन सॅक्सनांच्या ताब्यात गेल्याची नोंद आहे, म्हणजे बीडच्या मते ते येण्याच्याही आधी. आणि जर्मेनस? तो खराखुरा बिशप, 429 मध्ये ब्रिटनला येऊन गेलेला. पण त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहिलेल्या चरित्रात व्होर्टिगर्नचं नावही नाही. ना शाप, ना आशीर्वाद.

हातात येतं ते एवढंच: असा कोणी सत्ताधीश बहुधा होता, त्याने भाडोत्री सैन्य आणलं, आणि हिशोब फिसकटला.

पण मग एवढा मोठा बदल एका निर्णयाने झाला का? 2022 मध्ये मध्ययुगीन सांगाड्यांच्या डीएनएवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इंग्लंडमधल्या 278 व्यक्ती होत्या. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या तेव्हाच्या लोकांचा सरासरी 76 टक्के वारसा समुद्रापलीकडच्या उत्तर युरोपातला निघाला. पुरुषही आलेले, बायकाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचे इथल्या लोकांशी संबंध जुळलेले. तीन जहाजांतून एवढी माणसं येत नाहीत. हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं स्थलांतर होतं. व्होर्टिगर्नने कोणाला बोलावलं नसतं तरी समुद्र तिथेच होता आणि होड्याही होत्या.

मग त्याच्यावरच खापर का? मला वाटतं, कारण दुसरी उत्तरं सहन होत नाहीत. साम्राज्य कोसळलं, पैसा आटला, शेकडो वर्षं दुसऱ्याच्या फौजेवर अवलंबून राहिल्याने स्वतःची उरली नव्हती, सल्लागारांनी माना डोलावल्या... या गोष्टीला चेहरा नाही. तिच्यावर रागावता येत नाही. दारूच्या नशेत देश विकणारा म्हातारा मात्र रागवायला फार सोयीचा. म्हणून गिल्डसमध्ये असलेले सगळे सल्लागार नंतरच्या गोष्टींत मागे मागे जातात. बखरीत तर सरदार मंडळी मेजवानीत बळी पडतात, म्हणजे दोषींचे हुतात्मे होतात. 1136 च्या सुमारास मॉन्मथच्या जेफ्रीने हीच गोष्ट आणखी रंगवली, मुलीला रोवेना हे नाव मिळालं, बिनबापाचा मुलगा मर्लिन झाला, आणि स्टोनहेंज हे त्या मारल्या गेलेल्या सरदारांचं स्मारक ठरलं. स्टोनहेंज खरं तर त्या सगळ्यांपेक्षा हजारो वर्षांनी जुनं. पण खापराला एकदा डोकं सापडलं की दगडसुद्धा साक्षीला येतात.

आणि हे मध्ययुगात संपलं नाही. 1847 मध्ये ब्रिटिश सरकारने वेल्समधल्या शिक्षणावर एक अहवाल काढला. तिन्ही आयुक्त इंग्रज, एकालाही वेल्श येत नव्हती. अहवालात वेल्श भाषेला प्रगतीतला अडथळा म्हटलं होतं आणि लोकांच्या नीतिमत्तेवरही शिंतोडे उडवले होते. अहवालाची बांधणी निळी. वेल्श लोकांनी त्याला नाव दिलं "निळ्या पुस्तकांचा दगा". हे नाव रूढ झालं 1854 च्या एका नाटकामुळे, आणि ते सरळ व्होर्टिगर्नच्या मेजवानीतल्या "लांब सुऱ्यांच्या दग्या"वरून घेतलेलं होतं. हजार वर्षांनीही राग व्यक्त करायला तीच गोष्ट हाताशी आली. म्हणजे ती गोष्ट खोटी असली तरी तिच्यातली जखम खोटी नव्हती, हेही मान्य करायला हवं.

आता शेवटचं. वायव्य वेल्समध्ये लीन द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर एक खोल दरी आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथीकडे समुद्र. नाव नांत ग्वर्थेइर्न, म्हणजे व्होर्टिगर्नची दरी. सगळ्यांनी झिडकारल्यावर तो शेवटी इथे येऊन लपला असं स्थानिक लोक सांगत आले. एकोणिसाव्या शतकात इथे दगडाच्या खाणी निघाल्या, कामगारांचं गाव वसलं, खाणी बंद पडल्या आणि 1950 च्या दशकाच्या शेवटी गाव ओस पडलं. 1978 मध्ये कार्ल क्लोज नावाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने एका न्यासाने ती पडकी घरं विकत घेतली. 1982 मध्ये तिथे पहिले वर्ग भरले. कशाचे? तर मोठ्या माणसांना वेल्श शिकवण्याचे. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्केच निघाले, त्यामुळे अशी जागा किती मोलाची असेल हे सांगायला नको.

म्हणजे ज्या माणसाने इंग्रजी बोलणाऱ्यांना आणून वेल्श भाषा बुडवली असं म्हणतात, त्याच्याच नावाच्या दरीत लोक आज वेल्श शिकायला जातात. नाव बदलायची गरज कोणाला वाटली नाही हे मला फार आवडलं.

असो. रविवार संपत आलाय. अहवालाची फाईल उघडून बसलोय. दुसरी ओळ खोडली आहे आणि तिथे त्या दिवशी खोलीत असलेल्या सहाही जणांची नावं टाकली आहेत, त्यात माझंही. उद्या सकाळी मॅनेजर काय म्हणतो ते बघू.